पहिला फटका दादांचा

गोल्फच्या मैदानावर बुकिंग घेणाऱ्या ताईंनी काकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मोठ्या भावाच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. दादांना वाकवत नव्हतं. तोंड मात्र चालू होतं. "अरे, जरा हळू! बूट बांधतोयस की गाठोडं?" दोघंही पिकलेले, परगावचे. दरवर्षी एकदा यायचे, एक फेरी खेळायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे.

यंदाही काकांनी फोनवर "दोघं" असंच सांगितलं. आले मात्र एकटे.

"दादा मागून येतायत का?" ताईंनी विचारलं.

"दादा गेले हो हिवाळ्यात. सवयीनं बोलून गेलो." काका ओशाळले. "पण एकट्याला खेळता येईल ना? आज खेळलो तर खेळलो, नाहीतर हे कायमचंच सुटेल माझं."

सुट्टीचा दिवस होता. गर्दीत एकट्याला वेगळी वेळ द्यायची नाही, कुठल्या तरी तिघांत चौथा म्हणून घालायचं, असा तिथला नियम. ताईंनी समोरच्या तिघांना गळ घातली.

"आमची पैज लागलीये ताई, आजोबांना कशाला दमवता?" म्हणत ते सटकले. पुढच्यांनीही काहीबाही सांगून अंग काढून घेतलं. काका हातमोजा चढवून बाकावर बसून राहिले. दुपार कलल्यावर एक नवराबायको आणि बायकोचा भाऊ असे तिघं तयार झाले. ताईंचा जीव भांड्यात पडला.

"काका, तुम्ही वडीलधारे. पहिला फटका तुमचा!" ती बाई कौतुकाने म्हणाली.

काकांनी चेंडू टीच्या छोट्या खुंटीवर ठेवला, स्टिक उचलली आणि तसेच थांबले. उभ्या जन्मात दादांच्या आधी त्यांनी फटका मारला नव्हता.

"मारा ना काका. मागे लोक खोळंबलेत."

"तुम्ही व्हा पुढे. मी शेवटी मारतो."

तिघांचं मारून झालं. काका परत चेंडूपाशी आले. दादांची पाळी अजून व्हायचीच होती. त्यांनी चेंडू उचलून खिशात टाकला आणि पिशवी खांद्याला लावली.

ताई धावत आल्या. "काका, थांबा, मी दुसऱ्या कुणाबरोबर लावून देते."

"नको पोरी. तू तुझ्याकडून काही करायचं बाकी ठेवलं नाहीस."

आता काका अधूनमधून फोन करतात. "एकच," असं ठासून सांगतात. आदल्या दिवशी पुन्हा फोन येतो, आणि ताई ते बुकिंग रद्द करतात.