वैशालीताई आणि चौदा नंबरचा क्लोन

इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी वैशालीताई त्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, दार अडकत असेल. विचारलं तर म्हणाल्या, "आत माणसाच्या पेशी हायत, लेकरा. कुणाच्या घरात असं न विचारता घुसावं का?" त्या मूळच्या उदगीरच्या. वीस वर्षं पुण्याकडे काढूनही लाडात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावल्यावर त्यांची बोली तिकडची व्हायची. डायरेक्टरांसमोर मात्र पक्की पुस्तकी.

आमची कंपनी छोटी, तळेगावच्या एमआयडीसीत. औषध कंपन्यांना लागणाऱ्या पेशी आम्ही तयार करून द्यायचो. मी थेरगावची, वडील चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर, घरात एम.एस्सी. झालेली मी पहिली. मुलाखतीत इतरांनी मार्क विचारले. ताईंनी हातात पिपेट दिलं आणि नुसतं पाणी एका नळीतून दुसरीत घालायला लावलं. माझा हात कापत होता. "कापू दे. थेंब तर सांडला न्हाई," म्हणाल्या, आणि मला घेतलं.

त्या वर्षी एका औषध कंपनीला अशा पेशी हव्या होत्या, ज्यांत एक ठराविक किनेज अजिबात नसेल. किनेज म्हणजे पेशीतल्या इतर प्रथिनांना चालू-बंद करणारं प्रथिन. त्यांचं कॅन्सरवरचं नवं औषध नेमकं त्याच्यावरच काम करतं का, हे त्यांना तपासायचं होतं. म्हणून ते बनवणारं जनुक आम्ही क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या रेणूंच्या कात्रीने, मोडायचं होतं. ताईंनी मला ते असं सांगितलं : "प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं इवलंसं कडं. त्यात कात्री बनवायची कृती हाय आन् कुठं कापायचं त्याचा पत्ता. पेशी कापलेलं सांधायला जाते, सांधताना चुकते, आन् जनुक बिघडतं. आपण तिच्या चुकीची वाट बघायची."

वाट बघणं म्हणजे महिने. प्लाझ्मिड शिरलेल्या पेशी हिरव्या चमकायच्या. त्यातली एकेक प्लेटच्या वेगळ्या खळग्यात ठेवून वाढवायची. एका पेशीपासून वाढलेलं कुटुंब म्हणजे एक क्लोन. रविवारीही त्यांचं पोषक पाणी बदलायला आम्ही दोघी यायचो. ताई धपाटे आणायच्या आणि मी खाल्ल्याशिवाय काम सुरू करू द्यायच्या नाहीत. माझ्या आईला त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमची पोरगी आता अर्धी माझी."

चौदा नंबरच्या क्लोनमध्ये किनेज उरलंय का, हे बघायला मी ब्लॉट नावाची चाचणी केली. प्रथिन असेल तर फोटोत काळी पट्टी दिसते. चौदाच्या जागी काहीच नव्हतं. मी आनंदाने ताईंना बोलावलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "रिकामं दिसतंय म्हणून रिकामं समजू नगं. थोडंच उरलं असंल तर पट्टी उशिरा उमटते. अजून दहा मिनिटं दे त्याला."

दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. त्यात फिकट, पण स्पष्ट पट्टी होती. किनेज पुरतं गेलेलं नव्हतं.

ताईंनी स्क्रीनवर ती पट्टी मोठी करून पाहिली. मग म्हणाल्या, "सोमवारी अहवाल द्यायचा आहे. आपण पहिला फोटो लावू. पुढच्या आठवड्यात दुसरा क्लोन देऊन हा बदलून घेऊ."

"पण ताई, हे कळवायला नको का?"

"माझ्यावर विश्वास हाय ना तुझा?"

होता. अहवालात 'काम करणारी व्यक्ती' या रकान्यात माझं नाव होतं. मी सही केली. ती चूक माझीच, आणि ती मी आजही कुणावर ढकलत नाही. त्याच महिन्यात ताई विभागप्रमुख झाल्या. क्लोन बदलून देण्याची मी दोनदा आठवण करून दिली. "बघू गं," एवढंच उत्तर मिळालं.

काही महिन्यांनी औषध कंपनीची तक्रार आली. पेशींमध्ये किनेज काम करत होतं, त्यांच्या सगळ्या चाचण्या वाया गेल्या होत्या. डायरेक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. ब्लॉटचे फोटो काढणाऱ्या इमेजरच्या संगणकात दुसरा फोटो तसाच होता. त्यांनी विचारलं, "वैशाली, हा तुम्ही पाहिला होता?"

"नाही सर. प्रज्ञाने मला पहिलाच दाखवला होता."

मला वाटलं, त्या पुढे काहीतरी बोलतील.  मग मी म्हणाले, "ताई, दहा मिनिटं थांबायला तुम्हीच सांगितलं होतं."

त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "प्रज्ञा, आता आणखी खोटं नको."

मी संध्याकाळी राजीनामा लिहून दिला. घरी वडिलांनी विचारलं, "मशीनवर एखादा जॉब, एखादा नग बिघडला तर आमी फोरमनला दाखवतो. तू दाखवलं होतंस का?"

"त्यांनाच दाखवलं होतं."

 त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मी जेवेपर्यंत ते शेजारी बसून राहिले.

वर्षभर मी चिखलीत एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं. मग हिंजवडीतल्या एका प्रयोगशाळेत मुलाखत दिली. तिथे सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्यांनी घेतलं. तीन महिन्यांनी चहा पिताना आमचे कुलकर्णी सर सहज म्हणाले, "तुला घेण्याआधी मी तुझ्या जुन्या मॅडमना फोन केला होता."

मी कप टेबलावर ठेवला. "काय म्हणाल्या?"

"त्या म्हणाल्या, 'मुलगी खरी आहे, निर्धास्त घ्या. दुसरा फोटो तिने मला त्याच दिवशी दाखवला होता.' मी विचारलं, 'मग तेव्हा का नाही सांगितलंत?' त्यावर त्यांनी फोन ठेवला."

सरांना वाटलं असावं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी त्यांचे आभार मानले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. ताईंना खरं बोलता येत होतं. एका अनोळखी माणसाशी, फोनवर, जिथे त्यांचं काहीच जाणार नव्हतं तिथे येत होतं. त्या बंद खोलीत, मी समोर बसलेली असताना आलं नव्हतं. मला प्रयोगशाळेतल्या दोन्ही नोकऱ्या त्यांच्याच शब्दामुळे मिळाल्या, हेही खरं आहे, आणि त्याने राग कमी होत नाही.

दर दिवाळीला त्यांचा मेसेज येतो : 'सुखी राहा, लेकरा.' मी तो वाचते. उत्तर लिहायला घेते, दोन शब्द होतात, ते पुसते.