पहिलं पीठ बाजूला

टीव्हीवर कोणी तावातावाने बोलायला लागलं, की काका पिठाने माखलेलं बोट त्याच्यावर रोखायचे आणि विचारायचे, "ह्यो कोनाचा मानूस हाय रं?"

प्रश्न गिरणीत उभ्या असलेल्या सगळ्यांना असायचा आणि उत्तर मिळेपर्यंत बोट खाली यायचं नाही. कोणी म्हणायचं सरकारचा, कोणी म्हणायचं विरोधकांचा. एकदा एक गृहस्थ हवामानाचा अंदाज सांगत होते, तरी काकांचं बोट वर गेलंच. शेवटी एक बाई म्हणाली, "पावसाचा हाय वो!" तेव्हा कुठे ते खाली आलं.

कर्जतहून कडावकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांची पिठाची गिरणी होती. काकांना नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर. बाकी सगळ्या गावाचे ते गिरणीवाले काका. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. तो कुठे जात नाही, पण सगळं गाव त्याच्याकडे येऊन जातं.

घरात नवा टीव्ही आला तेव्हा जुना गिरणीत आला. गिरणीचा पट्टा सुरू असताना टीव्हीचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. लोक खालून सरकणारी पट्टी वाचायचे आणि वर दिसणाऱ्या तोंडांवरून भांडायचे. वाहिनी कुठली लावायची यावरून तर एकदा डबे आपटले गेले. तेव्हा काकांनी नियम केला, ज्याचं दळण चालू त्याच्या हातात रिमोट. तांदूळवाला माणूस गावाला एका बाजूच्या वाहिनीसमोर उभं करायचा, त्याचा डबा भरला की पुढचा येऊन दुसऱ्या बाजूला न्यायचा. आमच्या गावात कुठल्याच बाजूचं राज्य पंधरा मिनिटांच्या वर टिकलं नाही.

काकांचा स्वतःचा विश्वास मात्र एकाही वाहिनीवर नव्हता. "गव्हाच्या मागनं तांदूळ टाकला, की पहिलं पीठ मिसळलेलंच येतं," ते म्हणायचे. "ते बाजूला काढायचं. बातमीचं पन तसंच. आज आली ती बाजूला ठेव, उद्या बघू."

हे ऐकताना मी जरा आखडून उभा राहायचो, कारण त्या बातम्या पाठवणाऱ्यांपैकी मी एक. कर्जत-खालापूर भागातून एका वाहिनीला मी बातम्या पाठवायचो. त्याआधी हळदी-लग्नांचं शूटिंग करत होतो. आमच्याकडे हळद म्हणजे काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. नाचणारे दमले, तरी शूटिंगवाल्याने "परत एकदा, हात वर!" म्हटलं की पुन्हा नाचतात. हे चार शब्द माझ्या तोंडात इतके बसले होते, की बातमीच्या कामात ते शोभत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझं मलाही कळलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतली माणसं नळाला पाणी येत नाही म्हणून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी सगळ्यांना आत बसवलं, ऐकून घेतलं, आठ दिवसांची मुदत मागितली. लोक समाधानाने बाहेर आले. मी पोचलो तो हे सगळं संपल्यावर. हातात काहीच नव्हतं. मी म्हटलं, "जरा घोषणा द्या ना. परत एकदा, हात वर!" बायका हसल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. दोघा पुरुषांना जास्तच चेव आला, त्यांनी बंद दारावर थापा मारल्या. मी ते काढलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी माझ्या वाहिनीने दाखवलं, 'संतप्त जमावाने अधिकाऱ्याला कोंडलं.' तीच चित्रं दुसऱ्या वाहिनीने कुठूनतरी मिळवली आणि सांगितलं, 'जनतेचा उद्रेक.' दुसऱ्या दिवशी दारावर थापा मारणाऱ्या त्या दोघांना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

गिरणीत नुसता कल्ला. अर्धे म्हणत होते ही वाहिनी विकली गेलीय, अर्धे म्हणत होते ती. मी कोपऱ्यात उभा राहून दोन्हीकडे मान हलवत होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मला लोकांच्या संशयाचा फार आधार वाटला. दोष वाहिन्यांवर ढकलायला गाव तयारच होतं, मला तोंडही उघडावं लागत नव्हतं.

काकांनी पट्टा थांबवला. समोर एकाचं दळण अर्धवट होतं, तरी थांबवला. गिरणी अशी मध्येच बंद झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

"त्यांनी काय दाखवलं ते बघितलं आमी," ते मला म्हणाले. "तू काय काढलंस ते दाव. सगळं दाव, कापू नको."

मी म्हणालो, फोन घरी आहे. तो खिशात वाजला. कोणी हसलं नाही.

फोन टीव्हीला जोडला. पहिल्यांदाच त्या टीव्हीचा आवाज गिरणीत भरून राहिला, आणि तो आवाज माझा होता. "जरा घोषणा द्या ना. परत एकदा, हात वर!" मग बायकांचं हसणं, मग ओरडणं, मग थापा. माझे कान तापले. मी हात पुढे केला.

"बंद करतो काका."

"नको. पुढं जाऊ दे."

शेवटपर्यंत चाललं. थापा मारणाऱ्यांपैकी एकजण तिथेच गव्हाच्या पोत्यावर बसला होता. तो मला चार शिव्या घालील असं वाटलं, आणि ते योग्यच झालं असतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आमी पन येडेच की. सांगितलं आनि बडवलं दार."

काका माझ्याकडे वळले. "आता ठान्यात ह्यांनी जायाचं का तू जायाचं?"

"मी जाईन, पण वाहिनीवाले मला काढून टाकतील."

"टाकतील तर टाकतील. आन ह्यांच्यावर केस झाली म्हंजे?"

मी फोनची वायर टीव्हीतून काढली. काकांनी गिरणीला कुलूप लावलं, दळणं आहेत तशी आत ठेवली आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. भुवयांवर पीठ तसंच होतं. ठाण्यात त्यांनी एवढंच सांगितलं, "साहेब, पोरानं सगळं आनलंय. आधी बघा, मंग काय ते करा." साहेबांनी सगळं बघितलं. त्या दोघांना समज देऊन सोडलं. मला जरा जास्त वेळ समज दिली.

वाहिनीने सहा महिने मला विचारलं नाही. त्या काळात मी पुन्हा हळदीची शूटिंगं केली, आणि तिथे मात्र "हात वर" पोटभर म्हणून घेतलं. पुढे दुसऱ्या एका वाहिनीचं काम मिळालं. तेव्हापासून ज्यांची बातमी काढली त्यांना आधी दाखवतो, त्यांच्यासमोर पाठवतो. या भागात आज लोक माझ्यासमोर मोकळं बोलतात, वाहिनी कुठली म्हणून विचारतही नाहीत. ही काकांची कमाई आहे आणि मी ती बसून खातोय. त्यांचे उपकार मी त्यांना कधी तोंडावर बोलून दाखवले नाहीत. बोललो असतो तर म्हणाले असते, बाजूला हो, पीठ उडतंय.

गेल्या वर्षी काका गेले. साखरेने त्यांचे डोळे आधीच नेले होते. गिरणी सून चालवायची आणि ते मागच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. परतीच्या पावसाने भात आडवं केलं, ती बातमी काढून मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते गेले त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट.

"काय काढलंस?"

मी सांगितलं. कुठली शेतं आडवी झाली, कोण काय बोललं.

"उभं हाय ते भात दावलंस?"

"दाखवलं. बांधापलीकडचं उभं आहे, तेही घेतलंय."

"तू काय बोल्लास त्यांना?"

"काही नाही. बोला, एवढंच."

मी सवयीने फोन त्यांच्या कानाशी नेला, निदान आवाज तरी ऐकावा म्हणून. त्यांनी तो चाचपडत हाताने दूर सारला.

"कशाला रं? तू सांगितलंस ना. पाठव."