मेणखडूची रेघ

पुंडलिकनगरातले आमचे शेजारी कायम खाली मान घालून चालतात. नवख्याला वाटावं, माणसाचं काहीतरी हरवलंय. पण विमानतळाच्या धावपट्टीवर भेगा शोधणं हे त्यांचं रोजचं काम, आणि ती सवय घरापर्यंत येते. भेग दिसली की तिच्या टोकाशी पिवळ्या मेणखडूनं आडवी रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. गल्लीतला सिमेंटचा रस्तासुद्धा त्यातून सुटलेला नाही.

आमच्या भिंतीला तडा गेला तेव्हा घाबरून मी त्यांनाच बोलावलं. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं, रेघ मारली.

"आपल्याकडचं ऊन लई बेकार, ताई. भेग पडणारच. रेघेच्या पुढं सरकली, तर घाबरायचं."

दोन पावसाळे झाले. तडा अजून रेघेच्या आतच आहे.

गेल्या महिन्यात लेक नोकरीसाठी निघाली, आयुष्यात पहिल्यांदा विमानानं. माझा जीव खालीवर होत होता. रिक्षात बॅगा ठेवत होतो, तेवढ्यात हे शेजारी फाटकाशी आले. त्यांची सुट्टी होती, तरी अंगात कामावरचं केशरी जाकीट आणि बोटं पिवळी.

"पोरीला बिनघोर जाऊ द्या. सगळा रनवे पायाखालून घातला आत्ताच. एक भेग रेघेच्या पुढं नाय."

दोन तासांनी गल्लीवरून विमान गेलं. मी गच्चीत धावले. खाली रस्त्यात ते उभे होते, मान वर करून.