तुळसाबाईचा ओटा

तुळसाबाई सोनकुसरेनं आयुष्यात जे काही केलं ते खाली बसून केलं. खाप्याला माहेरी चार हातमाग होते, तिथं बसून तिनं सुताच्या कांड्या भरल्या. लग्न होऊन नागपुरात, लकडगंजच्या मागच्या गल्लीत आली ती चुलीपुढे बसली. पुढे चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आला, पण तोही जमिनीवरच. भाकरी थापायच्या बसून, भाजी चिरायची बसून, भांडी घासायची बसून. थोरली नीला आणि तिच्या पाठची, अशा दोन्ही पोरी तिनं असंच उठत-बसत वाढवल्या आणि उजवल्या.

कष्टाला बाई कधी मागे हटली नाही आणि मागायला कधी पुढे झाली नाही. घरात नवी वस्तू घ्यायचा विषय निघाला की "आपलं काय अडून राहिलं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. असली माणसं घराला फार सोयीची असतात, म्हणूनच घर त्यांची विचारपूस करत नाही. पन्नाशी जवळ आली तसे मात्र तिचे गुडघे तिच्यासारखे शहाणे राहिले नाहीत. खाली बसताना ती भिंत धरायची आणि उठताना देवाचं नाव घ्यायची.

तिचा नवरा बळीराम लाकडाच्या एका डेपोत कामाला होता. आलेल्या लाकडांचं माप घ्यायचं आणि गेरूनं त्यांच्यावर खूण करायची, हे त्याचं काम. गेरूचा खडा सदऱ्याच्या खिशात कायम असायचा, आणि धुवायला टाकलेला प्रत्येक सदरा तुळसाबाईला लाल पाणी दाखवायचा. माणूस लाखात एक. दारू नाही, शिवी नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. खोड एकच, अर्धं ऐकायचा. लाकूड कापणाऱ्या आरामशीनच्या घरघरीत जन्म गेलेला, त्यामुळे समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घ्यायची त्याची सवयच मोडली होती. पहिले दोन शब्द ऐकायचे आणि बाकीचं आपण समजून घ्यायचं. बहुतेक वेळा तो बरोबरच समजायचा, ही त्याहून मोठी पंचाईत.

गल्लीत टीव्ही एकच होता, समोरच्या शोभाताईंकडे. शोभाताई शाळेत शिकवायच्या. त्या मूळच्या पुण्याकडच्या. नागपुरात नांदून केस पिकायला लागले तरी त्यांचं "मला-तुला" काही "मले-तुले" झालं नाही. पण मन मोठं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी दिल्लीहून 'घर कैसे सजाएँ' नावाचा कार्यक्रम लागायचा आणि गल्लीतल्या बायकांसाठी शोभाताई सतरंजी अंथरून ठेवायच्या. तुळसाबाईला मात्र अलीकडे त्या स्वतःहून खुर्ची द्यायच्या.

कार्यक्रमातली बाई बॉब केलेली, बिनबाह्यांचं पोलकं घातलेली. गल्लीत तिचं नाव बॉबवाली. ती दिवाणखाना दाखवायची, गालिचे दाखवायची, कोपऱ्यात पितळी हंडा उभा करून त्यात गवत कसं खोचावं ते दाखवायची.

"एवढ्या खोलीत तं माह्या अख्खा खटला मावते," शेजारच्या बायजाबाई म्हणायच्या. त्यांच्या घरात नऊ माणसं होती. "अन् गवत घरात काहाले आणलं म्हणते ते? गाय हाय का तिच्याकडं?"

तुळसाबाई हसायची. तिला त्या घरातलं काहीच नको होतं. तिला ते पाहायला आवडायचं, इतकंच. मग एका गुरुवारी बॉबवाली स्वयंपाकघरात शिरली.

तिथं एक बाई उभी होती. चांगली ताठ उभी. पुढ्यात कमरेइतक्या उंचीवर लांब गुळगुळीत दगड, त्याच्यावर शेगडी, बाजूला नळ. ती बाई उभ्यानं कणीक मळत होती, उभ्यानं फोडणी देत होती, आणि एकदाही वाकली नाही. हसतसुद्धा होती. तुळसाबाई खुर्चीच्या टोकावर आली. पाहता पाहता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वयंपाकघर पाहून रडणारी आपण पहिलीच बाई असू असं वाटून तिनं ते पदरानं पुसलं.

"प्लेटफारम म्हणून राहिली ते," बायजाबाई म्हणाल्या. "स्टेशनावरचा?"

"नाही हो. ओटा. आमच्याकडे ओटाच म्हणतात त्याला," शोभाताईंनी सांगितलं.

ओटा. तुळसाबाईनं शब्द पदराच्या गाठीला बांधला. त्याच रात्री बळीराम जेवत असताना तिनं आयुष्यातली पहिली मागणी केली. आधी दोनदा ताटात भाजी वाढली, मग घसा साफ केला.

"ऐकून राहिले का? माह्ये गुडघे आता खाली बसू देत नाहीत. आपल्याले ओटा पाहिजे."

बळीरामचा घास हातातच राहिला. बायकोच्या तोंडून "पाहिजे" हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता. "ओटा पाहिजे?"

"हाव."

"मंग करू ना! त्यात काय एवढं."

तुळसाबाईला त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं.

थोड्याच दिवसांत भाच्याचं लग्न निघालं. बळीरामनं तिला आग्रह करकरून आठ दिवस आधीच खाप्याला धाडलं. "जा वं, मी पाह्यतो इकडचं," असं म्हणताना मिशीत हसला, त्यावरून तिनं ओळखलंच. लग्नात तिनं भावजयीला सांगितलं, बहिणीला सांगितलं, नवरीमुलीच्या मावशीलाही सांगितलं की आमच्याकडे आता उभ्याचा स्वयंपाक. नवरीमुलीच्या मावशीला काही कळलं नाही, पण तिनं मान डोलावली.

परत आली ती रिक्षातून उतरली आणि थांबली. घराच्या दारापुढे, गल्लीला लागून, एक नवा कोरा ओटा होता.

आता नागपुराकडच्या माणसाला ओटा म्हटलं की दुसरं काय सुचणार? ओटा घरापुढेच असतो. संध्याकाळी त्यावर बसावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय गा, कुठं चालला?" विचारावं, यासाठी तो असतो. बायकोचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवर बसवत नाही, तर तिला बसायला उंच जागा हवी, हे बळीरामनं बरोबर समजून घेतलं होतं. गल्ली खोलगट, म्हणून ओटा कमरेइतका उंच धरलेला. वर शहाबादी फरशी. चढायला बाजूनं पायऱ्या. आणि भिंतीला लावलेली सागाची एक रुंद फळी.

"हे पाठ टेकाले," बळीराम म्हणाला. "मी सोता रंधा मारला. हात फिरवून पाह्य, कुठी लाकडाची कुस टोचते का."

तुळसाबाईनं हात फिरवला. कुस लागली नाही. फळी तुपासारखी गुळगुळीत होती. आत स्वयंपाकघरात स्टोव्ह जमिनीवर होता तिथंच होता. ती म्हणाली, "मस्त झाला," आणि आत जाऊन, भिंत धरून, चहा करायला खाली बसली. चहाच्या वाफेत थोडं रडून घेतलं.

सांगायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण ज्या माणसानं आपली सुट्टी खर्चून, गुडघ्यावर बसून फळी घासली, त्याला "चुकलं तुमचं" कसं म्हणायचं? तुळसाबाईला ते जमणारं नव्हतं. ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची, त्याच्या कानावर जाऊन त्याला बरं वाटावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर तिलाही बरं वाटायचं. वारा यायचा, बायजाबाई यायच्या, फळी पाठीला थंडगार लागायची. फक्त सात वाजले की उठून आत जावं लागायचं, जमिनीवर.

शोभाताईंना हा घोटाळा कळला तेव्हा त्यांना आधी हसू आलं आणि मग आपल्याच शब्दाची लाज वाटली. "अहो, एकदा त्यांना कार्यक्रमच दाखवा ना. डोळ्यांनी पाहिलं की त्यांचं त्यांना समजेल. कुणी चूक काढायला नको."

तुळसाबाईला हे पटलं. पण डेपो सुटायचा रात्री आणि कार्यक्रम लागायचा संध्याकाळी. तिथून गल्लीत कार्यक्रमाच्या वेळेवर चर्चा सुरू झाली, तीही ओट्यावरच.

"गुरुवार काहाचा टाइम? नळ तेव्हाच येते," बायजाबाई म्हणाल्या. "मी तिथं सोफे पाहू का इथं पाण्याचे गुंड भरू? अर्धा सोफा पाह्यला का धावा."

"नाही वं बाई, गुरुवारच राहू द्या," कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून प्रेमिला म्हणाली. "सासूबाई गुरुवारी मंदिरात जातात, म्हणून तं मले येता येते."

"दिल्लीवाल्यांना आपल्या नळाचं आणि सासूबाईंचं काय माहीत!" शोभाताई हसल्या.

"रविवार पाहिजे," तुळसाबाई म्हणाली.

तिघीही तिच्याकडे पाहायला लागल्या. तिच्या तोंडचं हे दुसरं "पाहिजे" होतं आणि पहिल्यापेक्षा बरंच मोठ्यानं आलं होतं. शोभाताईंनी लगेच दिल्लीला कार्ड टाकलं. उत्तर काही आलं नाही. पण उन्हाळा लागता लागता टीव्हीवरच्या निवेदिकेनं सांगितलं की 'घर कैसे सजाएँ' आता रविवारी सकाळी, आणि पहिल्या रविवारी दर्शकांच्या आग्रहावरून रसोईघराचा भाग पुन्हा. कार्डामुळे झालं की गुरुवारी दुसरं काही घुसवायचं होतं म्हणून, देव जाणे. बायजाबाईंनी मात्र गल्लीभर सांगितलं की आपला आग्रह दिल्लीले पोचला. प्रेमिलानं सासूबाईंनाच सोबत आणायचं कबूल करून आपला प्रश्न सोडवला.

त्या रविवारी बळीराम डोक्याला तेल लावून, धुतलेली टोपी घालून शोभाताईंकडे येऊन बसला. बायकांच्या कार्यक्रमाला बायकोनं आपल्याला का ओढून आणलं हे त्याला कळत नव्हतं, पण त्याचा मान ठेवून त्याला पुढची खुर्ची मिळाली होती, म्हणून तो खूष होता. तुळसाबाई त्याच्या मागे उभी राहिली. बॉबवालीनं आधी पडदे दाखवले. खूप पडदे दाखवले. फुलांचे, चौकटीचे, झालरीचे. तुळसाबाईला वाटलं, आता पुरे कर वं बाई. शेवटी बॉबवाली म्हणाली, "आइए, अब रसोई की ओर चलें," आणि तिनं दाराला हात लावला.

दार उघडलंच नाही. चित्र थरथरलं, गेलं, आणि पडद्यावर पाटी आली: 'रुकावट के लिए खेद है.'

सगळे पाटीकडे पाहत बसले. पाटी काही हलेना. बऱ्याच वेळानं बळीराम टोपी सावरत उठला.

"चांगला कार्यक्रम हाय," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून, अगदी मायेनं, "तुले तसे पडदे पाहिजे का वं? आणू ना."

तुळसाबाईच्या आत जन्मभर खाली बसलेलं काहीतरी त्या क्षणी उभं राहिलं. ती बाहेर पडली, गल्ली ओलांडली, घरात शिरली. स्टोव्ह उचलून आणला आणि नव्या ओट्यावर ठेवून पेटवला. परात आणली, पिठाचा डबा आणला, तवा आणला. मग पायऱ्यांनी खाली उतरून गल्लीतच, ओट्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली आणि फरशीवर पीठ भुरभुरून भाकर थापायला लागली. थप थप आवाज गल्लीभर घुमला. सायकलवाले उतरून पाहायला लागले. बायजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

बळीराम धावत आला. "हे काय करून राहिली? रस्त्यावर?"

"भाकर. ओट्यावर."

"ओटा बसाले असते वं!"

"तुमचा बसाले असते. मी मागतला तो उभं राहाले होता." तिनं भाकर तव्यावर टाकली. "टीव्हीतली बाई उभ्यानं रांधते. मले तसा पाहिजे, अंदर."

बळीरामनं तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या सरळ पाठीकडे. ती पाठ सरळ असताना किती उंच असते हे त्याला आजच दिसत होतं. उघड्या दारातून त्याला आतली जमीन दिसली, आणि भिंतीवर, रोज हात टेकून टेकून पडलेला काळा डाग.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना. ओटा पाहिजे म्हणून. तुमी अर्धं ऐकलं, अन् मी अर्धंच बोलली."

त्यानं सागाच्या फळीवर हात ठेवला. आवाज बारीक झाला. "मंग हे काढून टाकू?"

"हात तं लावून पाहा याले!" तुळसाबाई कडाडली. "भाकरी झाल्यावर मी बसू कुठं?"

बळीराम हसला की रडला ते नीट कळलं नाही, कारण तो तिचा पिठाचा हात धरून तिला आत घेऊन गेला. तव्यावरची भाकर बायजाबाईंनी उलटली. स्वयंपाकघरात त्यानं तिला भिंतीशी उभं केलं, खिशातून गेरूचा खडा काढला आणि म्हणाला, "थाप आता. भाकर थापल्यासारखे हात कर. वाकू नको." तिनं हवेतच हात केले. ते जिथं सुखानं थांबले, तिथं तो भिंतीवर रेघ ओढायला लागला.

तेवढ्यात प्रेमिला धापा टाकत दारात आली. "काकाजी, चला ना लवकर! चित्र आलं! स्वयंपाकघरच दाखवून राहिले!"

"राहू दे वं पोरी," बळीराम मागे न वळता म्हणाला. "मी इथंच पाहून राहिलो."