नाल्याच्या रेतीतला वाघ

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, पोरांनाही नाही — आमच्या गावच्या नाल्यावर आलेला तो वाघ मी केला होता. होय, हातानं. ओल्या रेतीत तळवा दाबला, बोटांची टोकं रुतवली, झाला वाघ. अक्कल किती होती म्हणता? बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारल्या होत्या, एवढी.

नवं लग्न. आमचे फौजी — म्हणजे माझा नवरा, गाव त्यांना फौजीच म्हणायचं — सुटीवर आले होते. पण घरी टिकतील तर ना! उजाडायच्या आत गरी घेऊन बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, नाहीतर जंगलात, खिशात भाजलेले चणे. मी नवी साडी नेसून दारात. हा माणूस सरहद्दीवरून माझ्यासाठी आला की झाडांसाठी? म्हटलं, वाघ निघाला की बसेल घरात. फौजी — आणि वाघाला भिऊन घरात बसेल! याहून भोळी बाई आमच्या अख्ख्या मूल तालुक्यात झाली असेल का?

रिकामी घागर घेऊन मी ओरडत आले. फौजी एकटेच बघून आले. "हाय जनावर," म्हणाले, बस. मागून लोक गेले तर रेतीत फौजींच्याच चपलांचे ठसे. माग काढता काढता वाघाचे ठसे तुडवले असतील, असं सगळ्यांनी धरलं.

पण मोहाची फुलं गळायचे दिवस होते ना — ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पहाटे टोपलं घेऊन फुलं वेचायला जाणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी भीतीनं घरात बसल्या. शेजारची कौसाबाई विधवा, पदरी लहान पोरगी, घरातलं मीठ-तेल त्या फुलांवर — तिच्या झाडाखालचा सगळा सडा रानडुकरांनी खाल्ला. तिचं तोंड मी पाहिलं. बोलले का? नाही. नाल्यावर वाघ करणारी मी, घरात मांजर झाले.

तेव्हा फौजी काठी घेऊन उठले. "चला वो बायाहो, मी पुढं चालतो." आणि उरलेली सगळी सुटी रोज पहाटे काठी आपटत, खोटं खोटं खोकत, हा माणूस बायांच्या पुढं. माझ्याच वाघापासून त्यांना राखत! मी मागून चहाची किटली घेऊन. मोहाखाली बसून एका बशीत दोघं प्यायचो — तसा चहा पुन्हा नाही. त्या चहाची मी काय लायक होते?

रिटायर झाल्यावरही दर मोहाला ते तसेच निघायचे. आता तर खरेच वाघ बोडीवर येतात. पुढं पोरं, मग नातवंडं त्यांच्या मागं चालली, पाखरं ओळखायला शिकली. आणि कौसाबाई — ती मरेपर्यंत दर साली फुलांची पहिली ओंजळ त्यांच्यासाठी आणून माझ्या हातात द्यायची. मी घ्यायचे.

त्यांच्या तेरवीला सरपंचांनी त्याच वाघाची गोष्ट काढली. मी तोंडावर पदर ओढला. लोकांना वाटलं, रडते. हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? मग कौसाबाईची पोरगी येऊन माझ्या पाया पडली, आणि मी पदर आणखी खाली ओढला.

फौजींनाही मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या मोहाला त्यांच्यानं चालवत नव्हतं. अंगणात खाटेवर बसून टोपली घेतलेल्या बायांना जाताना बघत होते. कौसाबाई त्याआधीच वारलेली. मी चहा दिला. बशीत ओतून, फुंकर मारून, माझ्याकडे न बघता म्हणाले —

"वाघाचे चारच बोटं उमटते वो. तुनं पाच उमटवले होते. मी पुसले. पण कौसाबाईले तू एक दिवस सांगशील, म्हणून वाट पाह्यत राह्यलो. जाऊ दे. अजून अर्धा कप चा दे."