पाचशेतले पस्तीस

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानमध्ये लग्नघरच्या बायकांत कॅमेरा घेऊन शिरायची मुभा एकट्या मुकद्दस ओपाला, म्हणजे सगळ्यांच्या मुकद्दसताईला, होती. रेशमाच्या कारखान्यात तिने वीस वर्षं धाग्यांच्या लड्या बांधल्या. कारखाना बंद पडला तेव्हा वारलेल्या नवऱ्याचा कॅमेरा फडताळातून काढला आणि लग्नं टिपायला लागली. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवी सून ओढणीआडून वाकून वाकून सासरच्या एकेकीला सलाम करते, तिथे पुरुषांचं काय काम? म्हणून ओपाला बोलावणं. पन्नाशी उलटली तरी तिचा हात हलत नसे. जिभेचं मात्र तसं नव्हतं. कुणाच्या पुलावात मांस कमी होतं, कुणाची विहीण रुसून बसली, सगळं या लग्नातून त्या लग्नात पोचायचं. बाया पोट धरधरून हसत, आणि आपल्या घरी लग्न निघालं की ओपाचं ताट जरा जास्तच भरत.

त्या वर्षी हंगामात पन्नास लग्नं ठरली होती. एका लग्नाला दहा जीबी जागा लागते हे तिला पाठ होतं, म्हणून बाजारातल्या एगमबेर्दी अकाकडून तिने पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणली. घरी कॉम्प्युटरला जोडली, तर पडद्यावर आकडा चारशे पासष्ट. डिस्क कोरी करकरीत, आत एक फाईल नाही, आणि पस्तीस गायब! साडेतीन लग्नं बाहेर पडली. कुणीतरी वापरलेली डिस्क नव्या खोक्यात घालून आपल्या गळ्यात मारली, असं तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

एगमबेर्दी अका म्हणजे सत्तरीकडे झुकलेला माणूस; अका म्हणजे थोरला भाऊ, सगळा बाजार त्याला तशीच हाक मारायचा. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले आणि उतारवयात वायरी, चार्जर, डिस्क ठेवायला लागला. भर बाजारात ओपाने त्याला विचारलं, वरची मलई कुणी खाल्ली? त्याने खोकं उलटसुलट करून पाहिलं. बंद आलं तसं बंद दिलं, एवढंच तो म्हणत राहिला. पस्तीस कुठे गेले हे त्यालाही ठाऊक नव्हतं. माणसं जमली. शेवटी त्याने शेजारच्या नानवालीच्या फळीवरून एक नान उचलला आणि कपाळाला लावला.

"बहिणी, यातलं मी कणभर काढलं असेल तर हा नान मला बाधो."

आमच्याकडे यापुढे कुणी बोलत नाही. नान हातात घेतला की भांडण मिटतं. मुकद्दस ओपाचं मिटलं नाही.

"ठेवा तो खाली, अका. तुम्हाला बाधायचाच असता तर केव्हाच बाधला असता."

नानवालीने तोंडावर हात ठेवला. नान उपडा पडणं म्हणजे अन्नाचा अपमान; तसं होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून अकाने तो जागच्या जागी ठेवला.

मग हंगामभर, जिथे कॅमेरा गेला तिथे ही गोष्ट गेली. ओपाने तिला तिखटमीठ लावलं, नानवरच्या शपथेचीही नक्कल केली, बाया हसल्या. वसंतात अकाच्या दुकानाला कुलूप दिसलं तेव्हा तिला वाटलं, बरी खोड मोडली.

तिचा मुलगा बांधकामाच्या कामाला रशियात गेलेला. निघायच्या सकाळी त्याने चावा घेतलेला नान स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. उरलेला त्याने परत येऊन खायचा. त्या नानखाली बसून एका दुपारी सून हुस्नोराने ताश्कंदहून आणलेली नवी डिस्क जोडली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. डिस्क हजारची, आकडा नऊशे एकतीस.

"तुलाही गंडवलं गं!" ओपा म्हणाली.

हुस्नोराला हसू आलं. "कुणी नाही गंडवलं, आई. तुमच्या लड्यांसारखंच आहे हे. डिस्कचा कारखानदार हजार धाग्यांची एक लडी धरतो, हजार लड्यांचा गठ्ठा, हजार गठ्ठ्यांचं गाठोडं. कॉम्प्युटर दर वेळी हजाराऐवजी एक हजार चोवीस मागतो. धागा तेवढाच, एकही कमी नाही. गाठोडी तेवढी कमी भरतात."

ओपाने तीन बोटं मिटून पाहिली. वीस वर्षं लड्या बांधलेल्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. समजलं नसतं तर बरं, असं मात्र तिला वाटलं.

"आणि पाचशेची असली तर?"

"चारशे पासष्ट," मान वर न करता सून म्हणाली.

तीन दिवस ओपाला आकडा आठवत नव्हता, नान खाली ठेवणारे ते दोन हात आठवत होते. आपण एका सरळ माणसाला चोर ठरवलं, आणि वर त्याची नक्कल करून पुलाव खाल्ला. तिला स्वतःची शिसारी आली. चौथ्या सकाळी ताजा नान फडक्यात गुंडाळून ती अकाच्या दारात उभी राहिली.

दार त्यानेच उघडलं. हातात पेचकस होता. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला. ती काही बोलायच्या आत त्याने छातीवर हात ठेवला.

"बरं झालं आलीस. मीच येणार होतो, पण धीर होत नव्हता. बहिणी, मला माफ कर."

द्राक्षाच्या मांडवाखाली बसून त्याने सांगितलं. तिच्या भांडणानंतर त्याने दुकानातली एकेक डिस्क जोडून पाहिली. सगळ्या कमी. म्हणजे नऊ वर्षं आपण नकळत लोकांना कमीच देत आलो, आणि वर नान हातात घेऊन खोटी शपथ घेतली. त्याने दुकान बंद केलं आणि ज्यांना डिस्क विकली त्यांच्या दारोदार जाऊन माफी मागितली. अडतीस घरं झाली. काहींनी माफ केलं, काहींनी दार लावून घेतलं. एकोणचाळिसावं घर ओपाचं.

ओपा रडायला लागली. रडत रडतच तिने त्याला लड्या, गठ्ठे आणि गाठोडी सांगितली. त्याने पेन्सिल घेतली आणि डिस्कच्या एका रिकाम्या खोक्याच्या पाठीवर सगळा हिशेब तीनदा मांडला. तिन्ही वेळा चारशे पासष्टच आले.

"म्हणजे त्या दिवशी मी खरंच बोललो होतो," तो हळूच म्हणाला.

"खरंच बोलला होतात, अका. खोटी मी होते. मला माफ करा."

तो हो म्हणाला नाही. त्याने तिच्या फडक्यातला नान काढून तिच्यापुढे धरला.

"चाव."

तिने घास तोडला. उरलेला नान त्याने दाराजवळच्या खिळ्याला टांगला.

"आधी बाजार, मग ती अडतीस घरं, मग तुझी ती लग्नघरं. सगळीकडे सांगून ये. आलीस की उरलेला आपण दोघं बसून खाऊ."

ओपा बाजाराच्या वाटेला लागली. तोंडातला घास तिला गिळवेना. नानवालीने मान वर करून काय हवंय म्हणून विचारलं, मागची दोन-चार गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली, तेव्हाही तो गालातच होता. बोलायचं तर आधी तो गिळायला हवा होता.