वेल्ह्यापेक्षा कराची जवळ

माझ्या बहिणीला वेल्ह्याचं स्थळ आलं, ते वडिलांनी अंतराच्या मुद्द्यावर नाकारलं. मुलगा शाळामास्तर होता, निर्व्यसनी होता. पण भोरहून वेल्ह्याला जायला बैलगाडीनं सबंध दिवस मोडे आणि गुंजवणीला पाणी चढलं की वाटच बंद. पोर पंचमीला माहेरी कशी येणार, असा त्यांचा सवाल.

मग कराचीचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या गोदीत हिशेबनीस. वडील कचेरीत साधे कारकून, पण घरातही पगडी उतरवत नसत. पुण्याहून आणलेलं रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन त्यांनी आम्हांला समजावलं. आगगाडीला ना चिखल अडवतो, ना नदी. पुण्यात बसलं की तिसऱ्या दिवशी कराची, ऋतू कोणताही असो. म्हणजे नीट विचार केला तर वेल्ह्यापेक्षा कराचीच जवळ. आईनं विचार केला नाही. ती नुसती रडली.

वेळापत्रकात एक गोष्ट छापलेली नव्हती. माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सासरचे लोक सुनेला पाठवत नसत. कराचीत राहायला गेलेल्या आमच्या लोकांनी बाकी पुष्कळ सोडलं होतं, ही रीत मात्र जपून नेली होती. वेल्ह्याला शेजारचा कुणीही मुराळी म्हणून गेला असता. कराचीला कोण जाणार? मी सात वर्षांचा, काकांना गाडीत बसलं की उलट्या होत. व्याह्यांनी कळवलं, रीतीप्रमाणे माणूस पाठवा. त्यांच्या मुलानंच आणून सोडावं, असं आईनं सुचवून पाहिलं. ते व्याह्यांना कमीपणाचं वाटलं आणि स्वतः जाणं वडिलांना.

"मुलगी दिलीय. हमाली पत्करलेली नाही," ते म्हणाले.

दोन घरांचा मान रुळांवर आडवा पडला होता. पहिल्या बाळंतपणाला आईनं डिंक-खारीक आणून ठेवली, माजघराशेजारची खोली सारवली. बहीण आली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही.

"आता तरी कुणी जाणार आहे का?" आई विचारी.

"गाडी रोज आहे," वडील म्हणत.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आई वारली. तेव्हाही आणायला कुणी गेलं नाही.

फाळणी झाली आणि बहीण आली. बोटीनं मुंबई, मग पुणे, तिथून मोटारीनं भोर. बरोबर दोन मुलं नि एक वळकटी. नवरा मागचं आवरून येणार होता. वडील ओसरीवरच बसले होते.

"एकटीच आलीस?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी असेलही, मला रीत मोडल्याचा रागच ऐकू आला.

"घर सोडून जा म्हणाले. मुराळी कुठाय, असं कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

माहेरवाशीण आली की तिच्यावरून दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात. ती सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबली. ओवाळणारं घरात कुणी उरलं नव्हतं. ते तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग मुलांचे हात धरून ती आत गेली.